महामार्गालगतची झाडं सांभाळली, तर कंपनीच्या नावाचा फलक केवढा आणि कुठे लावावा?

प्रश्न थोडक्यात असा. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीला पुणे–बंगळुरू महामार्गालगतचा साधारण अर्धा किलोमीटरचा पट्टा सांभाळायला घ्यायचा आहे. कचरा उचलायचा, झाडं लावायची, तीन वर्षं पाणी घालायचं. त्या बदल्यात कंपनीच्या नावाचा फलक हवा आहे. परवानगी कोणाची घ्यायची, फलक केवढा असावा, लोगो आणि फोन नंबर टाकला तर चालेल का, आणि वीस बाय दहा फुटांचा एक फ्लेक्स उड्डाणपुलाच्या तोंडाशीच उभा केला तर काय बिघडतं, असं विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी रस्त्यांवर गेली, शेवटी उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. आता रस्ता सुरक्षेच्या तपासण्या करतो. असे अर्ज टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण त्याचं उत्तर समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

काही वर्षांपूर्वी, ऐन गळीत हंगामात, कोल्हापूरच्या दक्षिणेला एका गावाची वाट सर्व्हिस रोडला मिळते तिथे अपघात झाला. उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गावाकडून बाहेर पडत होता, उजवीकडून मोटरसायकलवाला आला आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर आदळला. पोरगा वाचला, पण मांडीचं हाड मोडलं आणि वर्षभर कामावर जाऊ शकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जागेवर गेलो. उजव्या कोपऱ्यात एका संस्थेचा फ्लेक्स होता, दोन वाशांना सुतळीनं बांधलेला. संस्थेनं त्या कोपऱ्याची साफसफाई खरंच केली होती. पाच-सहा करंजाची रोपं लावली होती, त्यांना काट्यांचं कुंपणही केलं होतं. मी ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसलो आणि उजवीकडे पाहिलं. रस्ता दिसतच नव्हता, दिसत होता फक्त फ्लेक्सचा पाठचा पांढरा भाग. मान पुढे काढून वाकलो तेव्हा कुठे सर्व्हिस रोडचा पंधरा-वीस मीटरचा तुकडा दिसला. दोन ट्रॉल्या भरलेला ट्रॅक्टर एकदा चौकात घुसला की पंधरा-वीस मीटरच्या अंतरात कोणीच काही करू शकत नाही.

त्या फलकाला परवानगी नव्हती. पण खरं सांगायचं तर परवानगी असती तरी पोराचं हाड मोडलंच असतं. म्हणून कागदाआधी जागा बघा, असं मी सगळ्यांना सांगतो.

आता कायद्याकडे येऊ. पहिली गोष्ट म्हणजे रस्ता कोणाचा हे ठरवा. कोल्हापुरात याचा फार गोंधळ होतो. पुणे–बंगळुरू म्हणजे पूर्वीचा चार क्रमांकाचा, आताचा ४८ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. त्याची जमीन केंद्र सरकारची आहे आणि तिथे नियंत्रण राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम, २००२ प्रमाणे चालतं. या कायद्याखाली महामार्ग प्रशासनाच्या परवानगीशिवाय हद्दीत काहीही उभं केलं, तर ते अनधिकृत कब्जा ठरतं. मग ती टपरी असो, कमान असो की आभाराचा फलक. रत्नागिरीकडे जाणारा १६६ क्रमांकाचा रस्ताही राष्ट्रीय महामार्गच आहे. पण राष्ट्रीय महामार्गांतले काही तुकडे भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे असतात, तर काही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. कावळा नाका किंवा दसरा चौक इथे बेट सुशोभित करायचं असेल तर महापालिका. तिथे जाहिरातीसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २४४ आणि २४५ आणि त्याखालचे २०२२ चे आकाशचिन्ह व जाहिरात नियम लागतात, म्हणजे आयुक्तांची लेखी परवानगी.

तुमच्या बाबतीत अर्ज जाईल तो महामार्गाची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्यांच्या प्रकल्प कार्यालयाकडे. ग्रामपंचायतीनं दिलेला ना-हरकत दाखला चांगला कागद आहे, पण महामार्गाच्या हद्दीत त्यानं अधिकार मिळत नाही. सरपंचांनी "लावा की, मी आहे" म्हटलं तरी नाही. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की पुन्हा सांगतो: हद्दीचा दगड कुठे आहे तो आधी शोधा. गवतात बुडालेला असतो. तो सापडला की जमीन कोणाची हा वाद तिथेच मिटतो.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. इंडियन रोड्स काँग्रेसचं रस्त्याकडेच्या जाहिरातींबद्दलचं धोरण १९७२ सालचं आहे, आयआरसी ४६ या क्रमांकानं ओळखलं जातं. त्यात सरळ म्हटलंय की रस्त्याच्या हद्दीत जाहिरात नको. गाडीरस्त्याच्या कडेपासून १० मीटरच्या आत नको. चौक, पूल किंवा क्रॉसिंगपासून १०० मीटरच्या आत नको, शहरात हे अंतर ५० मीटरपर्यंत कमी करता येतं. वाहतुकीच्या अधिकृत फलकापासून रस्त्याच्या दिशेनं ५० मीटरच्या आत नको. रस्त्यावर आडवे बांधलेले कापडी बॅनर नकोत. रंगानं किंवा आकारानं वाहतूक चिन्हासारखं दिसेल असं काही नको. तुमचा वीस बाय दहाचा फ्लेक्स उड्डाणपुलाच्या तोंडाशी उभा केला, तर यातल्या बऱ्याच अटी एकाच वेळी मोडतात.

मग हद्दीत जाहिरातच चालत नसेल, तर दत्तक पट्ट्यावर नावाचा फलक चालतो कसा? इथेच लोक अडखळतात. तो फलक तुमचा नसतो, रस्त्याच्या मालकाचा असतो. रस्त्याचा मालक प्रवाशांना सांगतो की या पट्ट्याची झाडं अमुक संस्था सांभाळते. मजकूर त्यांचा, जागा त्यांची, नमुना त्यांचा, काढून टाकायचा अधिकारही त्यांचाच. खर्च तुम्ही करता, पण फलकाचा मालक तुम्ही नाही. हे मनाला पटलं, की फोन नंबर चालेल का, लोगो मोठा चालेल का, आतून दिवे लावू का, हे प्रश्न पडायचेच बंद होतात. सरकारी फलकावर कोणी दुकानाचा फोन नंबर टाकतं का?

आपल्या लोकांना ही कल्पना नवीन नाही. देवळाच्या पायरीवर, फरशीवर, दाराच्या चौकटीवर देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं. रस्त्याकडेच्या पाणपोईवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' एवढीच ओळ असते. तिथे दुकानाचा पत्ता नसतो, 'आमच्याकडे सर्व प्रकारचे पंप मिळतील' असं नसतं. वस्तू आणि सेवा कराच्या एका परिपत्रकात, ११ ऑक्टोबर २०१९ च्या, नेमका हाच भेद धरला आहे. धर्मादाय संस्थेला कोणी देणगी दिली आणि संस्थेनं आभार म्हणून त्याच्या नावाची पाटी लावली, धंद्याची जाहिरात हा हेतू नसेल, तर त्यावर कर नाही. उदाहरण दिलंय ते देवळाच्या खोलीवर वडिलांच्या स्मरणार्थ लिहिलेल्या नावाचंच. ते परिपत्रक धर्मादाय संस्थांपुरतं आहे, तुमच्या कराराला कर लागतो का हे तुमच्या सीएंना करार दाखवूनच विचारा. पण आभार कुठे संपतात आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे इतक्या साध्या शब्दांत मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

या विषयावर सगळ्यात बारकाईनं नियम लिहिलेत ते अमेरिकेत. तिथे रस्ता दत्तक घेण्याची चळवळ टेक्सासमधल्या टायलर गावाजवळ १९८५ साली सुरू झाली. स्थानिक मंडळानं महामार्गाचे दोन मैल साफ ठेवायचे आणि खात्यानं तिथे त्यांच्या नावाचा फलक लावायचा. पुढे ती सगळीकडे पसरली, कंपन्या आल्या, लोगो आले, आणि मग मर्यादा घालायची वेळ आली. तिथल्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या वाहतूक चिन्हांच्या नियमपुस्तिकेत, २००९ च्या आवृत्तीत, आभारफलकांसाठी वेगळं कलम आलं. पूर्ण फलक २४ चौरस फुटांपेक्षा मोठा नको. म्हणजे सहा बाय चार. त्यात लोगोची जागा एक तृतीयांशाहून जास्त नको आणि काही झालं तरी ८ चौरस फुटांच्या वर नको. लोगो फलकाच्या माथ्यावर नको. वर काय काम केलंय ते, खाली कोणी केलंय ते. पत्ता, दिशा, फोन, संकेतस्थळ, घोषवाक्य काहीही नको. बाहेरून किंवा आतून दिवे नकोत, हलणारं काही नको. वाहतुकीच्या फलकाच्या खांबावर किंवा पाठीवर चिकटवायचा नाही.

अंतराचे आकडेही तिथे वेगाप्रमाणे दिलेत. ताशी ३० मैलांच्या खालच्या रस्त्यावर दुसऱ्या वाहतूक फलकापासून किमान १५० फूट, ३० ते ४५ मैलांच्या रस्त्यावर २०० फूट, आणि त्याहून वेगवान रस्त्यावर ५०० फूट, म्हणजे सुमारे दीडशे मीटर. शिवाय जिथे चालकाला निर्णय घ्यायचा असतो तिथे आभारफलक नकोच: महामार्गावरून उतरायची किंवा त्यावर चढायची वाट, सिग्नलचा चौक, रेल्वे फाटक, नजर पोहोचत नाही अशी वळणं. हे नियम आपल्याला कायद्यानं बांधत नाहीत. पण आपल्याकडे ही गोष्ट बहुतेक वेळा करारात काय लिहिलंय यावर ठरते, आणि करार लिहिताना समोर एक चांगला नमुना असलेला बरा. मी स्वतः मसुदा करतो तेव्हा सहा बाय चार आणि लोगो एक तृतीयांश हे दोन आकडे तसेच उचलतो. अधिकाऱ्यालाही ते पटकन पटतात. अंतराच्या बाबतीत आयआरसीचे ५० मीटर ही खालची मर्यादा धरतो आणि चारपदरी रस्त्यावर दीडशे मीटर मिळतात का ते बघतो.

एक साधा हिशेब करून बघा. ताशी ८० किलोमीटरनं गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते. दहा सेंटिमीटर उंचीचं अक्षर साधारण पस्तीस-छत्तीस मीटरवरून नीट वाचता येतं. म्हणजे चालकाच्या हातात दीड सेकंदाच्या आसपास वेळ आहे, आणि तेवढ्यात त्याला आरसाही बघायचा असतो. दीड सेकंदात चार-पाच शब्द होतात. देवनागरीत तर जोडाक्षरं, वेलांट्या, मात्रा असतात, अक्षर लहान झालं की 'पर्यावरण' आणि 'पुनर्वसन' दुरून सारखंच काळं दिसतं. म्हणून दहाच्या जागी पंधरा सेंटिमीटर अक्षर घ्या आणि शब्द कमी करा. माझा आवडता मजकूर असा: वर 'या पट्ट्यातील झाडांची निगा', खाली कंपनीचं नाव. बस. 'पर्यावरण संवर्धनाच्या उदात्त हेतूने प्रेरित होऊन' वगैरे ओळ कोणी वाचत नाही, आणि वाचायचा प्रयत्न केला तर ते जास्त वाईट.

रंगाबद्दल. महामार्गावर दिशादर्शक फलक हिरव्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत असतात. त्यामुळे झाडं म्हणून हिरवा, असं करू नका. कितीही शोभला तरी रात्री लांबून 'कागल इकडे' असा भास होतो. लाल कड तर नकोच, बाणही नको. पांढऱ्यावर गडद तपकिरी किंवा काळं अक्षर चांगलं दिसतं आणि कशाशी गोंधळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११६ मध्ये पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला अधिकार आहे: वाहतूक चिन्ह झाकणारा, त्याच्यासारखा दिसून फसवणारा किंवा चालकाचं लक्ष विचलित करणारा फलक ते काढायला लावू शकतात. तुमच्याकडे खात्याची परवानगी आहे म्हणून पोलिसांचा हा अधिकार संपत नाही.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. चौथरा बांधू नका. आपल्याकडे कुठलंही चांगलं काम झालं की विटांचा चौथरा, त्यावर ग्रॅनाइटची शिळा, बाजूनं साखळी. बागेत ते ठीक आहे. महामार्गाच्या कडेला, गाडीरस्त्यापासून चार-पाच मीटरवर असा चौथरा म्हणजे रस्ता सोडून बाहेर आलेल्या गाडीसाठी भिंत असते. टायर फुटला, झोप लागली, कुत्रं आडवं आलं, कशानंही गाडी बाहेर येते. तिला थांबायला मोकळी जागा मिळाली तर माणसं धुळीनं माखून पायी बाहेर येतात. शिळेवर आदळली तर येत नाहीत. म्हणून फलकाला दोन हलके लोखंडी खांब द्या, जमिनीच्या वर काँक्रीटचा ठोकळा दिसता कामा नये. आणि हद्दीत राहून जमेल तेवढा रस्त्यापासून लांब न्या.

वाऱ्याचाही विचार करा. ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात सहा बाय चारच्या फलकावर शंभर किलोहून जास्त जोर येतो. तुमच्या वीस बाय दहावर हाच जोर नऊशे किलोच्या घरात जातो. वळवाच्या पावसाआधी आपल्याकडे वावटळ कशी उठते हे सांगायला नको. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, सतरा माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं, तुमचा फलक त्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे खरं. पण सुतळीनं बांधलेला फ्लेक्स उडून मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर बसायलाही एवढं मोठं व्हावं लागत नाही. फ्लेक्स नकोच. पत्रा घ्या, कडेनं अँगलची चौकट, खांब जमिनीत अडीच-तीन फूट. गगनबावड्याकडच्या रस्त्यावर करणार असाल तर गंजरोधक रंगाचे दोन हात मारा, तिथल्या पावसात साधा रंग एक पावसाळाही काढत नाही.

आता कराराबद्दल, कारण खरी भांडणं तिथेच होतात. करार आधी, खड्डा नंतर. करारात पट्ट्याची सुरुवात आणि शेवट किलोमीटर-मीटरमध्ये लिहा, 'अमुक हॉटेलपासून तमुक पंपापर्यंत' असं नको. हॉटेलं बंद पडतात. फलकाचा आकार, मजकूर, नकाशावरची जागा जोडपत्रात असू द्या. काम काय करायचं ते मोजता येईल असं लिहा: किती झाडं, कोणती, मेलं तर किती दिवसांत बदलायचं, कचरा आठवड्यातून किती वेळा. आणि एक अट तुम्ही स्वतःहून घाला. काम बंद पडलं तर ठरावीक मुदतीत फलक काढू. ही अट टाकणारा अर्जदार अधिकाऱ्यांना वेगळा वाटतो, हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतो. वाळलेल्या खड्ड्यांच्या रांगेवर चकचकीत फलक पाहिला की मला आजही वाईट वाटतं.

रस्ता रुंद झाला तर फलक स्वखर्चानं हलवावा लागेल आणि भरपाई मिळणार नाही, हेही लिहिलेलं असतं. सातारा–कागल सहापदरीकरणाच्या कामात आपल्याकडे महामार्गाची कड किती सरकली ते तुम्ही रोज बघताय. म्हणून अर्ज करतानाच विचारा की पुढच्या आराखड्यात हा पट्टा कुठे येतो. उगाच सेवावाहिनीच्या जागेवर वड लावायचा आणि तीन वर्षांनी तोडताना बघत उभं राहायचं, असं नको.

बरेच जण दुभाजक मागतात, कारण तिथे फलक दोन्हीकडून दिसतो. दुभाजक मागू नका. तिथली झुडपं, कण्हेर, बोगनवेल, ही समोरून येणाऱ्या दिव्यांची तिरीप अडवायला लावलेली असतात, मोठं झाड तिथे चालत नाही. आणि पाणी घालायला टँकर वेगवान मार्गिकेत उभा करावा लागतो. मागून येणाऱ्या ट्रकला तो वळणावर दिसला नाही तर तुमचा माळी जाईल. मागे लाल झेंडा घेऊन उभा असलेला मुलगा बहुतेक वेळा सोळा-सतरा वर्षांचा असतो, त्याला ना जाकीट ना बूट. ही कामं देखभालीच्या ठेकेदाराकडे, रस्त्यावर ठेवायचे शंकू आणि मागे दिव्यांचा बाण दाखवणारी गाडी यांच्यासकट होऊ द्या. तुम्ही बाजूचा पट्टा घ्या. तिथे करंज, कडुनिंब, जांभूळ, ताम्हण लावता येतात. मे महिन्यात ताम्हण फुलला की लोक ज्या रस्त्याचं नाव घेतात, तो तुमचा पट्टा असेल.

पैशांबद्दल एक. कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्च करावे लागतात. पर्यावरणाचं काम त्यात बसतं. पण २०२१ च्या दुरुस्तीत स्पष्ट केलं आहे की आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या बाजारासाठी केलेलं प्रायोजकत्व त्यात धरलं जाणार नाही. म्हणजे फलक जितका जाहिरातीकडे झुकेल, तितका तो खर्च हिशेबात घालणं अवघड. झाडांचा खर्च वेगळा, फलकाचा वेगळा, दोन पावत्या ठेवा. फाउंड्री या मर्यादेत येत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

फोटोंचा विषय टाळून चालणार नाही. फलक उभा राहिला की कोणीतरी येतं आणि म्हणतं, साहेबांचा फोटो टाका, मार्गदर्शक म्हणून नाव टाका. नम्रपणे करार दाखवा. मजकूर खात्यानं मंजूर केलाय, एक अक्षर वाढवायचा अधिकार आम्हाला नाही, असं सांगा. हे खरंही आहे आणि त्यानं तुमची सुटकाही होते. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानं २०१७ साली सविस्तर आदेश दिले, आणि राज्यात मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ पासून कायदा आहे. मंजूर फलकावर नंतर चिकटवलेला फोटो तुमच्या नावाखाली असतो, म्हणून नोटीसही तुम्हालाच येते.

कंपाउंडच्या आत, स्वतःच्या जमिनीवर लावला तर काय, असंही विचाराल. कारखान्याच्या दारावर कारखान्याचं नाव असायला हरकत नाही. पण 'हा पट्टा आम्ही सांभाळतो' हा फलक कंपाउंडच्या आतून महामार्गाकडे तोंड करून मोठा उभा केला, तर ती जाहिरातच झाली आणि तिथे जी स्थानिक संस्था असेल तिचे नियम लागतात. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांना सातबारा दिसत नाही.

पुढे काय करायचं ते सांगतो. अर्जाबरोबर जागेचे चार फोटो जोडा, दोन दिवसाचे, दोन रात्रीचे, दोन्ही दिशांनी, चालकाच्या सीटवरून काढलेले. मग खात्याच्या शाखा अभियंत्याला संयुक्त पाहणीसाठी बोलवा. पाहणी डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी साडेसहा-सातला ठेवा, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात तेव्हा. सोबत टेप, फक्कीची पिशवी आणि सहा बाय चारची एक साधी ताडपत्री घेऊन जा. दोन माणसांनी ताडपत्री ठरलेल्या जागी ताणून धरायची, तिसऱ्यानं गावाच्या वाटेवरून ट्रॅक्टर आणायचा आणि सीटवरून उजवीकडे बघायचं. एखादा ट्रॅक्टरवाला दोन मिनिटं थांबतो, मी नेहमी थांबवतो, कोणी नाही म्हणत नाही. तो म्हणाला की रस्ता लांबपर्यंत दिसतोय, तर तिथे फक्की टाका. दिसत नाही म्हणाला, तर ताडपत्री घेऊन वीस मीटर मागे सरका आणि पुन्हा बघा.